‘अरे, ०.२ टाकून दे’

या महिन्यात तीन पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त गेली आहे, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी सिव्हिल डिप्लोमा करून एका एजन्सीमार्फत नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याला कंत्राटी लागलोय, गावाचं नाव लिहीत नाही, तुम्हीही छापू नका. रोज सकाळी पाणी सुटलं की ठरलेल्या ठिकाणी जाऊन नळाच्या पाण्यातला क्लोरीन बघायचा (कमीत कमी ०.२ यायला पाहिजे) आणि रजिस्टरला लिहायचा हे माझं काम. गेल्या आठवड्यापासून नाल्यापलीकडच्या दोन गल्ल्यांत क्लोरीन शून्य येतोय, टाकीजवळ मात्र व्यवस्थित असतो. त्याच गल्ल्यांत चार-पाच घरांत जुलाब-उलट्या चालू आहेत पण दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की परवा तिथे लग्न होतं, जेवणातूनही झालं असेल. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, ०.२ टाकून दे, एवढ्यावरून लोकांना कशाला घाबरवायचं, सिद्ध काय झालंय?" त्यांचं अगदीच चूक आहे असंही वाटत नाही, कारण मलाही खरंच माहीत नाही की पाण्यामुळेच झालंय. उद्या मी बोंब मारली आणि निघालं लग्नाचं जेवण, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. काय करू?
– नाव नको

उत्तर: आधी सोपं ते उरकून घेऊ. ०.२ लिहायचं नाही. शून्य आलंय तर शून्य लिहायचं, पुढे वेळ, घराची खूण आणि तुमची सही. यावर चर्चा करण्यासारखं काही नाही.

आता अवघड भाग. साहेबांनी दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरलेत आणि तुम्हीही ते पोतं तसंच उचललंत. लोक कशाने आजारी पडले हा एक प्रश्न, तो डॉक्टरांचा, आणि त्यात खरोखरच अनिश्चितता आहे, पाणी असेल, जेवण असेल, दोन्ही असेल. पण त्या गल्लीतल्या नळाला क्लोरीन आहे का हा दुसरा प्रश्न, तो तुमचा, आणि त्यात अनिश्चित काहीच नाही, तुम्ही क्लोरोस्कोपची, म्हणजे रंग जुळवून क्लोरीन बघायच्या डबीची, नळी उजेडाला धरून स्वतः बघितलंय की ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या सोल्युशनचे, थेंब टाकूनही पाणी पिवळं होत नाहीये. टाकीजवळ त्याच बाटलीतल्या ओटीने रंग येतो म्हणजे सोल्युशन जुनं झालंय ही पळवाटही बंद. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही म्हणून दुसऱ्याचं मिळालेलं उत्तर खोडायचं, हा आपल्या खात्यांमधला फार जुना आणि फार सोयीचा प्रकार आहे.

आणि हे शून्य नुसतं शून्य नाहीये हो. टाकीतून क्लोरीन घेऊन निघालेलं पाणी नाल्यापलीकडे पोचेपर्यंत रिकामं होतं, याचा अर्थ मधे कुणीतरी तो खातंय. लांब लाइन, जुना पाइप यानेही थोडा कमी होतो, पण आठवड्यापूर्वीपर्यंत येत होता आणि अचानक शून्य झाला तर सगळ्यात आधी डोक्यात यायला पाहिजे ते म्हणजे घाण आत शिरतेय. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर, कुठे दोन दिवसांआड, उरलेला वेळ पाइपात प्रेशर नाही, बाहेर गटार तुंबलेलं, आणि घराघरांचे लोखंडी जीआय पाइपाचे कनेक्शन त्याच गटारातून गेलेले, गंजून भोकं पडलेली. त्यात पाणी सुटायच्या आधीच लोक नळाला डायरेक्ट मोटार लावून बसतात, ती मोटार पाइपातलं ओढते आणि पाइपात काही नसलं की भोकातून गटारातलं ओढते. सुरुवातीचं बादलीभर पाणी गढूळ येतंय का आणि वास येतोय का, हे त्या गल्लीतल्या बायकांना विचारा, त्यांना तुमच्या रजिस्टरपेक्षा जास्त माहिती असते.

आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय स्टँडर्डमध्ये, नळाशी कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हटलंय ते तुम्हाला पाठ असेलच, साहेबांनाही बरोबर तोच आकडा सुचला. पण त्याच स्टँडर्डमध्ये असंही आहे की विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. ही ओळ फार कुणी वाचत नाही. ती ओळ किती महत्त्वाची आहे हे कळायला १९५५ ची दिल्ली बघायला लागते. त्या वर्षी पूर आला, यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझीराबादच्या इनटेककडे, म्हणजे शहरासाठी नदीतून पाणी उचलायच्या जागेकडे, यायला लागलं. प्लांटवरची माणसं काही झोपलेली नव्हती. पाणी बिघडलंय हे त्यांना दिसलं, त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला, आणि कमाल म्हणजे ते एका अर्थी यशस्वीसुद्धा झाले, टायफॉइडसारख्या जिवाणूंच्या आजारांची लाट आलीच नाही. मग डिसेंबर-जानेवारीत कावीळ सुरू झाली. डोळे पिवळे झालेले पेशंट मोजले गेले ते २९,३००. गरोदर बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. त्या वेळी सगळे धरून चालले की ही नेहमीची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए. १९८० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा कळलं की हा हिपॅटायटिस ए नव्हताच, त्या कामात पुण्याच्या एनआयव्हीचे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, शास्त्रज्ञही होते. ज्याला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो त्याला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.

म्हणजे बघा, दिल्लीच्या प्लांटवर कुणी विचारलं असतं की "सिद्ध काय झालंय?" तर प्रामाणिक उत्तर होतं, काहीच नाही. ज्या विषाणूची टेस्टच अस्तित्वात नाही तो सिद्ध कसा होणार? पण नाल्याचं पाणी इनटेकला येतंय एवढं तर डोळ्यांना दिसत होतं ना. इंजिनीअरला जंतूचं नाव कळावं लागत नाही. घाण कुठून आत येतेय हे कळलं की त्याच्या कामापुरतं पुरेसं असतं.

आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे जानेवारी २०२५, पुण्याचा सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट, हातापायांतली ताकद जाणारी माणसं, काही जण व्हेंटिलेटरवर. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून किंवा कच्च्या चिकनमधून पोटात जाणारा जिवाणू सापडला आणि मग पाणी की चिकन असा वाद टीव्हीवर चांगला रंगला. वाद शास्त्रज्ञांनी घालावा, घालायलाच पाहिजे. पण त्या भागाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीत क्लोरीनचा डोस नीट करायला त्या वादाचा निकाल लागायची गरज नव्हती, चिकनमुळे झालं असतं तरी क्लोरीन टाकून कुणाचं काय बिघडणार होतं?

तुमच्या बाबतीतही हाच हिशोब करा. समजा तुम्ही बोललात आणि लग्नाचं जेवणच निघालं. तर नुकसान काय, दोन गल्ल्यांनी चार दिवस पाणी उकळलं, थोडा गॅस जळला, एक लाइन उकरली गेली, आणि तसंही तिथे क्लोरीन पोचत नव्हता म्हणजे काम करायचंच होतं. आता उलटं धरा, तुम्ही गप्प बसलात आणि पाणीच निघालं. त्या गल्लीत एखादी सात महिन्यांची गरोदर बाई असेल, एखादं बाळ असेल. दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे पहिल्या चुकीची किंमत मुख्यतः तुम्ही आणि साहेब भरणार, दुसऱ्या चुकीची किंमत असे लोक भरणार ज्यांना कुणी विचारलंच नाही.

मात्र "उकळून प्या" हे फुकट नाही हेही लक्षात ठेवा. दर पावसाळ्यात रिक्षा फिरवून अख्ख्या गावाला पाणी उकळून प्या म्हणून सांगायचं आणि मग कधी थांबायचं ते सांगायचंच नाही, याने लोक ऐकणं सोडून देतात, आणि ज्या दिवशी खरंच गरज असते त्या दिवशी रिक्षा नुसती भोंगा वाजवत जाते. म्हणून कुठल्या दोन गल्ल्या, का, आणि परत कधी सांगणार हे तिन्ही सांगा. पाण्याला खळखळून उकळी आली की मिनिटभर पुरतं, वीस-वीस मिनिटं गॅस जाळायला लावू नका.

प्रत्यक्षात उद्या काय करायचं. पाणी सुटल्यावर त्या दोन गल्ल्यांत तीन-चार नळांना क्लोरीन बघा, थेंब टाकल्या टाकल्या रंग जुळवा, उशीर केला तर आकडा उगाच वाढून दिसतो. क्लोरोस्कोपचा फोटो लोकेशन-वेळेसकट. निर्जंतुक बाटलीत, थायोसल्फेट (ते उरलेला क्लोरीन मारतं) टाकलेली मिळते ती, सॅम्पल घेऊन बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी लॅबला. रिझल्टला एक-दोन दिवस लागणार, त्याची वाट बघत बसायचं नाही. त्याच सकाळी साहेबांना लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप नको, साधं अर्ध्या पानाचं पत्र आणि आवकची पोच. त्यात अमुक नळांना अमुक वेळी क्लोरीन शून्य, टाकीला इतका, त्याच भागात जुलाबाचे पेशंट असल्याचं कळलं, आजाराचं कारण मला माहीत नाही, नाल्याजवळची लाइन तपासावी आणि तोवर टँकर द्यावा किंवा उकळून पिण्याची सूचना द्यावी. "कारण मला माहीत नाही" हे वाक्य गाळू नका, ते तुमच्याच बाजूने उभं राहतं. प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, कारण साथ आहे की नाही हे ठरवणं त्यांचं काम आहे आणि त्यांना तुमच्याकडचा आकडा मिळाल्याशिवाय ते ठरवणार कशावरून?

नोकरीचं म्हणाल तर खोटा दिलासा देत नाही. डॉक्टरांना मेडिकल काउन्सिल आहे, वकिलांना बार काउन्सिल, आपल्याकडे सिव्हिल इंजिनीअरला "हे मी केलं तर माझं रजिस्ट्रेशन जाईल" असं साहेबांच्या तोंडावर सांगता यावं असा कायदाच नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा व्हिसलब्लोअर कायदा २०१४ मध्ये पास झाला पण प्रत्यक्ष लागू केलाच नाही. म्हणून पेपरवाल्याला फोन करणं ही पहिली पायरी नाही, तुमच्यासारख्या कंत्राटी माणसासाठी तर नाहीच. जुन्या व्हॉल्व्हमनला बरोबर घ्या, दुसऱ्या झोनवाल्यालाही त्याचे आकडे विचारा, दोन सह्यांचं पत्र एका सहीच्या पत्रापेक्षा दाबायला अवघड जातं.

पण खोटा आकडा लिहून नोकरी वाचते असं समजू नका. अमेरिकेतलं फ्लिंटचं प्रकरण ऐकलं असेल, मिशिगन राज्यातलं. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला म्हणून शहराने डेट्रॉइटचं पाणी सोडून नदीचं पाणी सुरू केलं. तिथल्या प्लांटवर पाण्याच्या गुणवत्तेचं काम बघणारा माइक ग्लास्गो नावाचा अधिकारी, त्याने आठवडाभर आधी राज्याच्या खात्याला मेल केला होता की आमची तयारी नाही, येत्या दोन-एक आठवड्यांत इथून पाणी सोडलं तर ते माझ्या सूचनेविरुद्ध असेल. पाणी सोडलंच. पाइप गंजू नयेत म्हणून टाकायचं फॉस्फेट टाकलंच नाही, राज्याच्या खात्याचं म्हणणं होतं आधी सहा-सहा महिन्यांचे दोन राउंड सॅम्पल घेऊ मग ठरवू. म्हणजे लोकांना पाजून बघू. त्याच ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने हे पाणी बंद केलं कारण इंजिनाचे पार्ट गंजायला लागले, तरी घरांना ते पुढे वर्षभर चालू राहिलं. आणि नंतर गंजणाऱ्या पाइपांतून पाण्यात उतरणाऱ्या शिशाच्या रिपोर्टमधून जास्त आकड्याची दोन सॅम्पल वगळली गेली आणि आकडा १५ पीपीबीच्या (अब्जात पंधरा भाग) मर्यादेत बसला. २०१६ मध्ये गुन्हे दाखल झाले तेव्हा पहिल्या काही नावांत ग्लास्गोचं होतं. सुरुवातीला इशारा देणारा तोच. पुढे त्याने तपासाला मदत केली, मोठा आरोप मागे घेतला गेला. मेलने त्याला जितकं वाचवलं तितकंच त्या रिपोर्टने अडकवलं. तुमचं ते रजिस्टरसुद्धा असाच कागद आहे, त्यावर सही साहेबांची नाही, तुमची आहे.

प्रश्न: मी टेलिकॉममध्ये आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींचं काम बघणारा, इंजिनीअर आहे. आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा प्रस्ताव आला आणि एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, सगळे माझ्याकडे बघायला लागले. कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये "शंभर टक्के सुरक्षित" असं छापलेलं असतं, दुसऱ्या बाजूला एक काका कॅन्सरचे फॉरवर्ड वाचून दाखवतात. मी नक्की काय सांगायचं? – एक सभासद, ठाणे

उत्तर: दोन्ही कागद बाजूला ठेवायचे. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं सांगायचं, ते खूप आहे.

२०११ मध्ये आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, रेडिओ लहरींना २बी गटात, म्हणजे "कदाचित कॅन्सर करू शकतात" अशा यादीत टाकलं, काकांचं फॉरवर्ड तिथूनच आलेलं असणार. त्या गटातून पुराव्यात किती दम आहे ते कळतं, धोका किती मोठा आहे ते नाही. वरच्या पत्रातलं क्लोरीन तपासायचं ओटी सोल्युशन, म्हणजे ऑर्थोटोलिडीन, तेही २बी मध्येच आहे आणि खेड्यापाड्यांत ते हातावर सांडत असतं, त्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही! (खरं तर पाठवायला पाहिजे, क्लोरीन तपासायला ओटीऐवजी डीपीडी किट मिळतं.) नंतर २०२४ मध्ये डब्ल्यूएचओने करून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरला ०.४५ वॉट. हे सगळं सांगा, आणि "शून्य धोका" असं कुठलाच शास्त्रज्ञ कशाबद्दलच लिहून देत नाही हेही सांगा.

तुम्ही कंपनीचे पगारी आहात हे एजीएममध्ये उभं राहिल्यावर पहिल्याच वाक्यात सांगून टाका, नाहीतर नंतर कुणीतरी ते शोधून काढेल आणि तुमचं खरं बोलणंसुद्धा वाया जाईल. दुसरं, अँटेनाची बीम समोर जाते, पायाखाली नाही, त्यामुळे भाडं मिळणार तुमच्या सोसायटीला आणि एक्स्पोजर थोडं जास्त येणार समोरच्या बिल्डिंगच्या त्याच उंचीवरच्या मजल्यांना, तेव्हा त्यांनाही विचारायला नको का? सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजणी मागवता येते, ती टॉवर बसल्यानंतर दोन्ही बिल्डिंगसाठी करून घ्यायची अशी अट करारातच टाका.

आणि खरं सांगू, मी तुमच्या जागी असते तर मला लहरींपेक्षा दोन गोष्टींची जास्त काळजी वाटली असती. तीस-चाळीस वर्षं जुन्या स्लॅबवर येणारं वजन, आणि डिझेल जनरेटर. डिझेलच्या धुराला आयएआरसीने २०१२ मध्ये गट १ मध्ये टाकलंय, तिथे "कदाचित" नाही. एजीएममध्ये जनरेटरची चिमणी कुणाच्या बेडरूमच्या खिडकीकडे तोंड करून येणार हे कुणी विचारलं होतं का?

प्रश्न: आमच्याकडे जुने एसी पाइप, म्हणजे अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटचे, काढून नवीन लाइन टाकायचं काम चालू आहे. गावकरी म्हणतात इतकी वर्षं आम्हाला कॅन्सरचं पाणी पाजलं, आणि सरपंच मला स्टेजवर उभं करून उत्तर द्यायला लावणार आहेत. – साइट सुपरवायझर

उत्तर: स्टेजवर सांगा की अ‍ॅसबेस्टॉस पोटात गेल्याने अपाय होतो असा ठाम पुरावा नाही, म्हणून डब्ल्यूएचओने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादाच ठरवलेली नाही. पाइप जुने झालेत, फुटतात, गळतात, म्हणून बदलतोय. बस.

मग स्टेजवरून उतरून साइटवर जा, कारण खरा धोका तिथे आहे आणि त्यात जरासुद्धा अनिश्चितता नाही. कोरडा एसी पाइप कटर मशिनने कापला की जी पांढरी धूळ उडते ती छातीत गेली तर फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) होऊ शकतो, वीस-तीस-चाळीस वर्षांनी, तोपर्यंत काँट्रॅक्टर कुठे आणि तो पोरगा कुठे. गाव पाण्याची चौकशी करतंय आणि खड्ड्यात तोंडाला रुमाल बांधून कटर चालवणाऱ्याची कुणी करत नाही. रुमालाचा काही उपयोग नाही, सर्जिकल मास्कचाही नाही.

शक्यतो पाइप काढूच नका, नवी लाइन शेजारून टाका, जुनी दोन्ही टोकांना बंद करून जमिनीत राहू द्या आणि नकाशावर नोंदवा. कापायलाच लागला तर मशिन बंद, पाणी मारत हातकरवतीने, किंवा कपलिंगशी सोडवून अख्खा पाइप उचला. तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधा, रस्त्याच्या भरावात टाकू नका आणि गावात कुणाला गोठ्याच्या भिंतीला नेऊ देऊ नका, लोक नेतात. जे करतील त्यांना साधा मास्क नको, बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचा रेस्पिरेटर द्या. हे सगळं काँट्रॅक्टरला तोंडी सांगून होणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, त्यामुळे पुढच्या टप्प्याच्या बीओक्यूत, म्हणजे कामांच्या आणि दरांच्या यादीत, "जुने एसी पाइप ओल्या पद्धतीने काढणे व विल्हेवाट" अशी वेगळी आयटम रेटसकट घालून घ्या, आयटम नसली तर तो करणार नाही आणि केलं तरी त्याचं बिल निघणार नाही.